वायफाय मॉड्यूलचं फर्मवेअर चढलं, 'व्हेरिफाइड' आलं, आणि मॉड्यूलची वाचाच गेली

विजेरी
नमस्कार मंडळी,

ईएसपी-१२एफ हे वायफाय मॉड्यूल (आत ईएसपी८२६६ चिप, ४ एमबी फ्लॅश मेमरी) मी एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडून वापरते. पाण्याच्या टाकीची पातळी अधूनमधून सर्व्हरला कळवायची, एवढंच काम. मॉड्यूलमध्ये एटी फर्मवेअर (मॉड्यूलच्या आत चालणारा प्रोग्रॅम) आहे. म्हणजे कंट्रोलरने सिरियलवरून एटी कमांड द्यायच्या आणि वायफायचं सगळं मॉड्यूलने बघायचं. फर्मवेअर जुनं, १ च्या मालिकेतलं. सर्व्हरवाल्यांनी एन्क्रिप्शनचे जुने प्रकार बंद केल्यापासून जोडणी होईना, म्हणून उत्पादकाच्या साइटवरून २.२.१ उतरवून घेतलं आणि ईएसपीटूल या प्रोग्रॅमने चढवलं.

टूलने शेवटी 'हॅश ऑफ डेटा व्हेरिफाइड' छापलं. रीसेट दिला, 'एटी' पाठवलं. 'ओके' यायला हवं, काहीच येत नाही. ११५२०० वर नाही, ९६०० वर नाही. ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ दोन्ही जातायत. पुन्हा चढवलं, पुन्हा व्हेरिफाइड, पुन्हा मौन. रीसेट दाबल्यावर तेवढी चार-दोन कचरा अक्षरं उमटतात.

दोन प्रश्न. हे मॉड्यूल गेलं का? आणि याच जातीची आणखी काही मॉड्यूल्स बसवलेली आहेत, त्यांना हात लावावा की नाही?

तांब्याचीतार
शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण दगावला. 😄

रोधक४७०
पॉवर सप्लाय. न बघता सांगतो.

यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या ३.३ व्होल्टच्या पायावरून मॉड्यूल चालवताय ना? एफटी२३२ चिपचा तो पाय जेमतेम ५० मिलिअँपिअर देतो. हे मॉड्यूल ८०२.११बी मध्ये पाठवताना १७० मिलिअँपिअरच्या घरात खेचतं. लोक फसतात कुठे, तर फर्मवेअर चढवताना रेडिओ बंद असतो. त्यामुळे चढवणं बिनबोभाट पार पडतं आणि माणूस म्हणतो, सप्लाय ठीक आहे. रीसेटनंतर रेडिओ जागा झाला की व्होल्टेज बसतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमची कचरा अक्षरं म्हणजे तेच असणार.

वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर घ्या, निदान ५०० मिलिअँपिअरचा. मॉड्यूलच्या अगदी पायाशी १०० मायक्रोफॅरडच्या वरचा कपॅसिटर आणि सोबत ०.१ चा सिरॅमिक. ग्राउंड सगळ्यांचा एकच.

विजेरी
@रोधक४७०, सप्लाय वेगळाच आहे, एएमएस१११७ वर. कपॅसिटरही आहे, २२० चा. जुनं फर्मवेअर याच सप्लायवर सुरळीत चालायचं.

रोधक४७०
तरी एकदा मीटर लावून बघा.

भोचकभवानी
जीपीआयओ० हा चिपचा पाय ग्राउंडला तसाच राहिलाय का? चढवून झाल्यावर ती तार काढून मग रीसेट द्यावा लागतो, नाहीतर मॉड्यूल परत फ्लॅश मोडमध्येच जाऊन बसतं. हा पाय फक्त रीसेटच्या क्षणी वाचला जातो, त्यामुळे नुसती तार काढून भागत नाही.

विजेरी
काढली आहे, ताई. आता १० के च्या रोधातून ३.३ व्होल्टला आहे.

आळशी_उंट
उबुंटू असेल तर ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय नावाची सेवा सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपचा पोर्ट बळकावते. २२.०४ मध्ये हे फार जणांना नडलं. शिवाय तुमचं नाव 'डायलआउट' गटात हवं. आणि केबल नुसती चार्जिंगची नाही ना?

(उंटावरून शेळ्या हाकतोय हे मान्य.)

तांब्याचीतार
@आळशी_उंट, टूलने हॅशसुद्धा तपासून दिलाय म्हणजे पोर्ट, केबल, परवानगी सगळं शाबूत आहे. शेळ्या दुसऱ्या रानात हाका.

लघुपरिपथ
विजेरीताई, पुन्हा पुन्हा चढवणं आता थांबवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय. लिहिलेले बाइट फ्लॅशमध्ये जसेच्या तसे आहेत, एवढं टूलने सिद्ध केलं आहे. बिघाड त्यापुढचा आहे, आणि तो कुठला हे मॉड्यूल स्वतःच सांगतं. ती कचरा अक्षरं म्हणजे कचरा नव्हे.

चिपच्या रॉममधला बूट प्रोग्रॅम सिरियलवर ११५२०० ने बोलायला बघतो, पण ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे असं धरून. मॉड्यूलवर क्रिस्टल असतो २६ चा. ११५२०० ला २६ ने गुणा, ४० ने भागा: ७४८८०. सिरियल मॉनिटर त्या वेगावर ठेवा, रीसेट दाबा, वाचता येईल अशी ओळ दिसेल. अर्डुइनोच्या मॉनिटरमध्ये हा वेग यादीत आहे. लिनक्सवरचे काही टर्मिनल प्रोग्रॅम इतका विचित्र वेग घेत नाहीत, तिथे पायसिरियलसोबत येणारं मिनीटर्म वापरा.

त्या ओळीतल्या दोन गोष्टी इथे द्या: 'आरएसटी कॉज' आणि 'बूट मोड'.

कॉज १ म्हणजे वीज नुकतीच आली, २ म्हणजे रीसेटचा पाय दाबला गेला, ४ म्हणजे हार्डवेअर वॉचडॉगने (अडकलेली चिप रीसेट करणारी यंत्रणा) लाथ घातली. बूट मोडच्या कंसातला पहिला आकडा म्हणजे रीसेटच्या क्षणी जीपीआयओ१५, जीपीआयओ० आणि जीपीआयओ२ या तीन पायांची स्थिती, याच क्रमाने, बायनरीत. ०-१-१ म्हणजे ३, फ्लॅशमधून नेहमीसारखं बूट. ०-०-१ म्हणजे १, सिरियलवरून फर्मवेअर चढण्याची वाट बघतंय. १-१-१ म्हणजे ७, जीपीआयओ१५ ग्राउंडऐवजी ३.३ व्होल्टकडे गेलाय आणि चिप एसडीआयओ नावाच्या दुसऱ्याच जोडणीकडे डोळे लावून बसली आहे.

भोचकभवानी
७४८८० कुठून आला हे इतकी वर्षं वापरूनही माहीत नव्हतं. 🙏

संगणकपूर्व
माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? टाकीची पातळीच कळवायची ना? आमच्याकडे कारखान्यात मोडेम होते, त्यांचं फर्मवेअर बसवल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत एकच. हल्ली अपडेट आलं की चढवायचं, आणि मग धागा काढायचा.

नवी_कळ
@संगणकपूर्व, गाडा चालत नव्हता काका, सर्व्हरने दार लावलं म्हणून तर सगळं सुरू झालं.

आणि तुमच्या मोडेमला तार होती. हे हवेतून बोलतं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षापद्धतीतली क्रॅक नावाची त्रुटी आली, ती तर जवळपास सगळ्याच वायफाय उपकरणांना लागू होती. २०१९ मध्ये खास ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ मधल्या तीन त्रुटी जाहीर झाल्या. त्यातल्या एकीत रेडिओच्या टप्प्यात असलेला कुणीही वेड्यावाकड्या फ्रेम सोडून ईएसपी८२६६ कोलमडवू शकत होता, पासवर्ड माहीत असण्याची गरजच नाही. दुरुस्त्या आल्या, पण त्या फर्मवेअरमधूनच येणार.

संगणकपूर्व
माझ्या टाकीत किती पाणी आहे हे चोरून कुणाला काय मिळणार?

नवी_कळ
पाणी नाही हो, घरच्या नेटवर्कचा पासवर्ड. तो फ्लॅशमध्ये साठवलेला असतो आणि या चिपला फ्लॅश एन्क्रिप्शनची सोयच नाही. जुनं मॉड्यूल काढून कुणाला देताना आधी फ्लॅश पुसा, हेही ओघाने आलंच.

संगणकपूर्व
पुसायचं पटलं. अपडेटचं अजून नाही.

आळशी_उंट
जरा अवांतर. लॅपटॉपमधल्या बहुतेक वायफाय कार्डांत फर्मवेअर कायमचं नसतंच. दर वेळी बूट होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलून कार्डाच्या रॅममध्ये ओततो. लिनक्सवर कर्नल बदलला आणि वायफाय गायब झालं की आधी डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) बघावा. 'फर्मवेअर लोड करता आलं नाही, एरर उणे २' असं असेल तर कार्ड धडधाकट आहे, फाइल सापडली नाही एवढाच अर्थ. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करायचं. कार्ड बिघडलं म्हणून नवं आणणारे लोक पाहिलेत.

तांब्याचीतार
यावेळी शेळ्या योग्य रानात.

विजेरी
@लघुपरिपथ, मिळालं! ७४८८० वर ठेवल्याबरोबर स्वच्छ अक्षरं. ओळ अशी आहे:

ईटीएस जान ८ २०१३, आरएसटी कॉज:२, बूट मोड:(३,६)

त्यानंतर लोड होत असल्याच्या दोन-तीन ओळी, आणि मग काही नाही. हीच ओळ पुन्हा पुन्हा येत नाही, एकदाच येते. मॉनिटर ११५२०० वर आणून 'एटी' पाठवलं, तरी उत्तर नाही.

रोधक४७०
पुन्हा पुन्हा येत नाही म्हणजे रीसेटचा फेरा नाही. ठीक आहे, सप्लायचा मुद्दा तूर्त मागे घेतो. तूर्त.

कोरीपाटी
माझं मत: आधी पूर्ण फ्लॅश पुसा, मग चढवा. जुन्या फर्मवेअरचे अवशेष ठरावीक पत्त्यांवर राहतात आणि नवं फर्मवेअर ते सेटिंग म्हणून वाचतं. दुसरं, फ्लॅश मोड, म्हणजे चिपने फ्लॅश वाचायची पद्धत. टूलमध्ये क्यूआयओ असेल तर डीआयओ करा, तेही नाही चाललं तर डीआउट. स्वस्त मॉड्यूलवर कुठली फ्लॅश चिप चिकटवलेली असेल याचा भरवसा नाही. टूलच्या 'फ्लॅश आयडी' कमांडने उत्पादकाचा कोड आणि खरा आकार दोन्ही कळतात. ईएफ, ४०१६ असं आलं तर विनबाँडची ४ एमबी. वर ४ एमबी लिहिलंय म्हणून आत ४ एमबी असेलच असं नाही.

भोचकभवानी
@कोरीपाटी, पुसण्याबद्दल एक सावधगिरी. १ च्या मालिकेतल्या फर्मवेअरमध्ये रेडिओच्या मूलभूत सेटिंगची फाइल वेगळी चढवावी लागते, ईएसपी इनिट डेटा डिफॉल्ट नावाची, फ्लॅशच्या अगदी शेवटाजवळच्या पत्त्यावर. सगळं पुसून फक्त मुख्य फाइल चढवली की लॉगमध्ये 'आरएफ कॅल ०: ०५ नाही, एफएफ आहे' अशा अर्थाची ओळ येते. एफएफ म्हणजे पुसलेली, कोरी जागा. ओळखीतल्या एकाचं मॉड्यूल असंच भंगारात निघालं होतं. ती फाइल चढवली, चालू झालं.

लघुपरिपथ
दोघांचंही बरोबर, पण इथे लागू होईल असं वाटत नाही. फ्लॅश मोड चुकला असता तर लोड होतानाच गाडी अडली असती: चेकसमची चूक, नाहीतर वॉचडॉगचे फेरे. इथे बूट मोड ३, एकच रीसेट, लोड झालं आणि शांत. माझ्या मते फर्मवेअर आत व्यवस्थित चालू आहे.

विजेरीताई, नेमकी कुठली फाइल चढवलीत? नाव आणि पत्ता सांगा.

विजेरी
झिपमध्ये फॅक्टरी फोल्डर होतं. त्यातली 'फॅक्टरी व्रूम-०२' नावाची एकच मोठी फाइल, पत्ता शून्य. फ्लॅश आयडीही बघितला: ईएफ, ४०१६. म्हणजे ४ एमबी खरंच आहे.

सोल्डरबाई
आत्ता धागा वाचला. व्रूम-०२ (उत्पादकाचं स्वतःचं ईएसपी८२६६ मॉड्यूल) वाचलं आणि उलगडा झाला.

ताई, तुमचं मॉड्यूल बोलतंय. तुम्ही दुसऱ्याच तारेला कान लावून बसला आहात.

१ च्या मालिकेत एटी कमांड जीपीआयओ१ (पाठवणे) आणि जीपीआयओ३ (घेणे) या पायांवर चालायच्या. फर्मवेअर चढवायचे पायही तेच, म्हणून सगळ्यांच्या सवयीचे. २ च्या मालिकेत ईएसपी८२६६ साठी एटी कमांड तिथून हलवल्या. आता मॉड्यूल जीपीआयओ१५ वरून पाठवतं आणि जीपीआयओ१३ वर ऐकतं. चढवणं मात्र अजून १ आणि ३ वरच. म्हणून तुमचं टूल खूश आहे, रॉमची ओळ दिसते आहे, आणि त्यानंतर त्या तारेवर सामसूम. फर्मवेअरचा स्वतःचा लॉग जीपीआयओ२ वर निघतो, तोही तुम्हाला दिसत नाहीये.

तारा अशा करा: अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारा पाय) जीपीआयओ१३ ला, आरएक्स (घेणारा) जीपीआयओ१५ ला. वेग ११५२००.

यात एक खोच आहे. रीसेटच्या क्षणी जीपीआयओ१५ खाली हवा, तरच फ्लॅशमधून बूट होतं. मॉड्यूलच्या पट्टीवर त्यासाठी बहुधा १० के चा रोध ग्राउंडला असतो. पण बऱ्याच अडॅप्टरच्या आरएक्सला आतून पुल-अप (वर ओढणारा रोध) असतो. दोघांच्या ओढाताणीत पाय अधांतरी राहतो आणि चिप कधी ३ मध्ये उठते, कधी ७ मध्ये. तसं झालं तर आरएक्सची तार रीसेटनंतर जोडून बघा. कायमचा उपाय म्हणजे खाली ओढणारा रोध २.२ के चा करा.

ईएसपी-०१ वाल्यांनी हे मुद्दाम वाचा: त्या आठ पायांच्या मॉड्यूलवर जीपीआयओ१३ आणि १५ बाहेर काढलेलेच नाहीत. शिवाय बहुतेकांवर फ्लॅश १ एमबी किंवा त्याहून कमी. ही व्रूम-०२ ची फाइल त्यांच्यासाठी नाहीच.

तांब्याचीतार
आणि आम्ही पहिल्याच प्रतिसादात श्रद्धांजली वाहून मोकळे.

कोरीपाटी
पाय बदलल्याचं मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत हे लोक?

सोल्डरबाई
दस्तऐवजात लिहिलेलं आहे, जोडणीच्या पानावर तक्ता आहे. पण अपडेट करणारा माणूस जोडणीचं पान कशाला उघडेल? जोडणी तर झालेलीच आहे.

बदलाचा एक फायदाही आहे. रॉमची ती ७४८८० वाली बडबड आता जीपीआयओ१ वरच राहते. पूर्वी दर रीसेटला ती थेट कंट्रोलरच्या तोंडावर यायची आणि प्रोग्रॅममध्ये तेवढा कचरा गाळून टाकावा लागायचा.

विजेरी
झालं!!

दोन अडॅप्टर लावले, एक जीपीआयओ१ वर रॉमची ओळ बघायला, दुसरा १३-१५ वर. सोल्डरबाई म्हणाल्या तसंच झालं: पहिल्या रीसेटला बूट मोड ७. आरएक्सची तार काढली, रीसेट, ३. तार परत लावली, 'एटी', आणि 'ओके'. एटी+जीएमआर ने २.२.१ दाखवलं. २.२ के चा रोध लावल्यावर तार न काढताही दर वेळी ३ येतंय. सर्व्हरशी एसएसएल जोडणीही झाली.

आता अडचण अशी की बसवलेल्या बाकीच्या बोर्डांवर ट्रॅक जीपीआयओ१ आणि ३ कडे गेलेले आहेत. बोर्ड कापाकापी करायची इच्छा नाही. काही मार्ग?

रोधक४७०
अभिनंदन. ओढाताणीत पाय अधांतरी राहिला म्हणजे व्होल्टेजचाच प्रश्न होता, हे नोंदवून ठेवतो.

सोल्डरबाई
@विजेरी, मार्ग आहे. पायांचे आकडे मुख्य प्रोग्रॅममध्ये कोरलेले नाहीत. फ्लॅशमध्ये फॅक्टरी पॅराम नावाचा छोटा वेगळा भाग असतो, त्यात वेग, टीएक्स, आरएक्स आणि सीटीएस, आरटीएस (पाठव-थांब सांगणारे पाय) हे सगळं नोंदलेलं असतं. उत्पादकाच्या एटीच्या सोर्समध्ये त्याची सीएसव्ही फाइल आहे. त्यात टीएक्स १ आणि आरएक्स ३ करून बिल्ड करा. फक्त एक विसरू नका: मूळ नोंदीत सीटीएस ३ आणि आरटीएस १ आहे. ते उणे १ केले नाहीत तर एकाच पायावर दोघांचा दावा होईल.

असं केल्यावर रॉमची बडबड पुन्हा कंट्रोलरकडे येईल, पण तुमचा जुना प्रोग्रॅम ती आधीपासून सोसतोच आहे.

टपालपेटी
सगळे जाणकार इथे आहेत तर माझंही विचारून घेतो. मी एटी वापरत नाही, अर्डुइनोचा प्रोग्रॅम थेट ईएसपी८२६६ वर टाकलाय, ओटीएसह (म्हणजे हवेतून अपडेटची सोय). केबलने एकदा चढवून पेटी खांबावर लावली. आता हवेतून अपडेट केलं तर शंभर टक्क्यांपर्यंत जातं आणि मॉड्यूल परत येतच नाही. ओटीएची फाइल बिघडली का?

लघुपरिपथ
@टपालपेटी, केबलने चढवल्यावर मॉड्यूलला एकदाही रीसेट न देता किंवा वीज न तोडता तसंच खांबावर नेलंत का, बॅटरीसकट?

टपालपेटी
हो, बॅटरीवरच होतं. चालू होतं म्हणून तसंच नेलं.

लघुपरिपथ
मग फाइल ठीक आहे. केबलने चढवताना चिप बूट मोड १ मध्ये उठलेली असते. चढवून झालं की टूल तिथूनच थेट नव्या प्रोग्रॅममध्ये उडी मारतं, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. पण चिपच्या लेखी मोड अजून १ च असतो. ओटीएच्या शेवटी प्रोग्रॅम स्वतः रीस्टार्ट घेतो. त्या सॉफ्टवेअर रीस्टार्टमध्ये पाय नव्याने वाचले जात नाहीत, म्हणून चिप परत सिरियलवरून फर्मवेअर येण्याची वाट बघत बसते. जीपीआयओ० ग्राउंडला नाही, ३.३ व्होल्टला आहे याची खात्री करून एकदा वीज तोडून जोडा, नवं फर्मवेअर सुरू होईल. पुढच्या ओटीएला हा त्रास नाही.

टपालपेटी
वीज तोडून जोडली, नव्या प्रोग्रॅमसकट उठलं. आत्ता परत एक ओटीए करून बघितलं, तेही न अडता झालं. धन्यवाद!

विजेरी
सीएसव्ही बदलून बिल्ड केलं, मोकळ्या मॉड्यूलवर चढवलं, जुन्या पायांवर 'ओके' आलं. आता माझा दुसरा प्रश्न तेवढा राहिला. बाकीची मॉड्यूल्स करून टाकू का?

संगणकपूर्व
नको.

नवी_कळ
सर्व्हर जुन्या फर्मवेअरशी बोलतच नाही, काका. न करून त्या मॉड्यूल्सचं करायचं काय?

लघुपरिपथ
करा, पण प्रत्येकाची आधी पूर्ण फ्लॅश वाचून फाइल करून ठेवा, टूलमध्ये 'रीड फ्लॅश' आहे. ४ एमबी ११५२०० ने वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, ४६०८०० ने बरंच लवकर होतं. फाइलच्या नावात त्या मॉड्यूलचा मॅक पत्ता घाला, कारण प्रत्येकाची वायफाय सेटिंग त्या-त्या फाइलमध्ये असतात आणि एकाची दुसऱ्यावर चढवली तर गोंधळ होईल. खुद्द मॅक पत्ता फ्लॅशमध्ये नसतो, ई-फ्यूजमध्ये (चिपमधली एकदाच लिहिता येणारी जागा) असतो, त्यामुळे तो पुसला जायची भीती नाही.

संगणकपूर्व
बॅकअप घेऊन करणार असाल तर माझी हरकत मागे.